मदत हवी आहे : परवानाराज्यावरील विनोदी कादंबरी वाचकांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार. माझी पहिली कादंबरी मी गेल्या महिन्यात स्वखर्चाने छापली. पाचशेपैकी चारशेहून अधिक प्रती सोलापुरातील आमच्या घराच्या माळ्यावर पडून आहेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

कडक भाकरी आणि शेंगाचटणीची हातगाडी लावू पाहणाऱ्या एका गृहस्थाला इतके परवाने काढावे लागतात, की ते ठेवण्यासाठी त्याला खोली भाड्याने घ्यावी लागते आणि त्या खोलीसाठी पुन्हा परवाना लागतो, अशी ही कथा आहे. तिचा रोख कोणत्याही एका पक्षावर नाही; माणसाचे हित त्याच्यापेक्षा सरकारला अधिक कळते, या समजुतीवर आहे.

पहिली अडचण कादंबरीमागच्या विचाराला काय नाव द्यावे, ही आहे. मलपृष्ठावर ‘उदारमतवादी’ लिहिले तर वाचकाला गोखले-रानडे आठवतात, आणि ‘स्वातंत्र्यवादी’ लिहिले म्हणून एका विक्रेत्याने ती स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉवरील पुस्तकांशेजारी मांडून ठेवली. ‘खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार’ असे म्हटल्यावर तर हसायला कोणी येणारच नाही.

शेतमालासाठी खुली बाजारपेठ मागणाऱ्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या विचारांत वाढलेले वाचक हे माझे हक्काचे वाचक, असा माझा समज होता. डिसेंबर 2023 मधील कांदा निर्यातबंदीवर बेतलेले प्रकरण मी मार्केट यार्डातील काही परिचितांना वाचून दाखवले तेव्हा ते मनापासून हसले. मात्र शेवटी एकाने मागण्यांची यादी कोणत्या पानावर आहे, असे विचारले. याउलट साहित्यातील स्नेही राजकारण काढून टाका म्हणतात. ते काढले तर उरेल ती केवळ भाकरी.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर छोटा स्टॉल घ्यावा, की तेवढेच पैसे दिवाळी अंकातील जाहिरातीला द्यावेत, हे ठरत नाही. पाळण्यांच्या गोंगाटात कादंबरी विकली जाते का, याचा कोणाला अनुभव आहे का? पहिले प्रकरण फुकट वाचायला देण्यास माझी तात्त्विक हरकत नाही, कारण ते मी स्वेच्छेने देत आहे.

खरा पेच वेगळाच आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवा, म्हणजे 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये ते घेतील, असे एका अनुभवी प्रकाशकांनी सुचवले. सल्ला व्यवहाराचा आहे, पण परवान्यांची टिंगल करणाऱ्या पुस्तकालाच शासनाची मान्यता मागायची, तर माझा नायक मला काय म्हणेल? पत्नीच्या मते हा प्रसंग दुसऱ्या आवृत्तीत घालावा, पण त्यासाठी पहिली संपायला हवी.

अशा विषयाचे पुस्तक ज्यांनी विकले आहे, त्यांनी यादीसाठी अर्ज केला होता का, आणि मलपृष्ठावर नेमका कोणता शब्द वापरला होता, हे कृपया सांगावे.