उत्तर: 'ब्रेन फार्ट'ला आपल्याकडं काय म्हणतात?

'ब्रेन फार्ट' म्हणजे डोकं क्षणभर बंद पडून साधी गोष्ट विसरणं किंवा चुकणं. त्यासाठी कोणीतरी 'मेंदूची पाद' हा शब्द सुचवलाय. हसू आलं, पण चारचौघात कोण वापरणार? त्यापेक्षा 'ब्रेन फेड' सभ्य. २०१७ च्या बंगळुरू कसोटीत डीआरएस (पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी) घ्यावा का, हे विचारायला ड्रेसिंग रूमकडं पाहिलं तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथनं हाच शब्द पुढं केला होता. (कोहलीला तो पटला नाही, ते सोडा.) 'सीनियर मोमेंट' मात्र वय झाल्यावरच शोभतो.

मागच्या हंगामात मी डिझेल आणायला कॅन घेऊन फाट्यावर गेलो, चहा प्यालो, गप्पा हाणल्या अन् रिकामी कॅन घेऊन वावरात परत. माय म्हणे, "काहून रे, डोस्कं फाट्यावरच ठेवून आला काय?" तेव्हापासून आमच्या घरी कोणी काही विसरलं की एवढंच विचारतात, "फाट्यावर हाय काय?"