मित्राच्या घरात कॅन्सर आला तेव्हा पैशाची मदत कशी केली, कशी घेतली?

माझ्या जिवलग मैत्रिणीच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि यातून बरी होणारी मुलंही पुष्कळ. पण उपचार चालतात दोन ते तीन वर्षं. बातमी कळली त्या आठवड्यात ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी हात सैल सोडला. पुढे पैशांचा ओघ आटत गेला. त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती. पहिले काही महिने मूल हॉस्पिटलात असतं, केस गेलेले दिसतात, सगळ्यांचा जीव तुटतो. मग मेंटेनन्सचा टप्पा येतो. मूल घरी असतं, हळूहळू शाळेत जायला लागतं, रोजच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या चालू असतात. बाहेरच्यांना वाटतं, झालं, सुटले. नेमक्या त्याच वेळी आईची नोकरी सुटलेली असते आणि बचत तळाला गेलेली असते.

आम्ही काही मैत्रिणींनी मग दर महिन्याच्या १ तारखेला तिच्या खात्यात आपोआप पैसे जातील अशी सोय बँकेत करून टाकली. कुणी किती द्यायचे ते जिचं तिने ठरवायचं, एकमेकींना सांगायचं नाही. कुणाला थांबवायचं झालंच तर महिनाभर आधी मला कळवायचं, तिला नाही. मग बाकीच्यांत कुणाला जमेल ते मी बघायचे. त्यामुळे महिन्याला साधारण काय येणार हे तिला आधीच ठाऊक असायचं. घरभाडं आणि धाकटीची फी यांचा घोर तरी मिटला. आणि तिला कुणाकडे मागायला लागलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्ही अशा वेळी पैसे दिले असतील, घेतले असतील, द्यायचे असून देता आले नसतील, तर लिहा. रकमा नकोत, माणसांची आणि हॉस्पिटलांची नावं नकोत. कसं निभावलं तेवढं सांगा.

*

मी घेणाऱ्यांच्या बाजूची. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झाला. मोठी शस्त्रक्रिया, त्यानंतर रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्यांची कमाई बंद आणि माझी अर्धी.

‘काही लागलं तर सांगा’ असं खूप जण म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण सांगणं फार जड जातं हो. आज सांगितलं तर पंधरा दिवसांनी परत लागणार असतात आणि परत त्याच माणसापुढे उभं राहायचं असतं. ‘एकूण किती लागतील?’ याला तर माझ्याकडे उत्तरच नसायचं. डॉक्टरांकडेही नसतं. जखम कशी भरते, वजन किती उतरतं, नळीवाटे अन्न किती दिवस द्यावं लागतं, यावर सगळं अवलंबून.

यांच्या एका मित्राचा मेसेज मी अजून ठेवलाय. ‘वहिनी, खात्यात पैसे टाकलेत. कशाला वापरले ते सांगायचं नाही. परत करायचे नाहीत. या मेसेजला उत्तरही देऊ नका.’ वाचून मला रडू फुटलं. मी तो यांना दाखवला. तेव्हा यांना बोलता येत नव्हतं, उशाशी पाटी-पेन्सिल असायची. यांनी पाटीवर लिहिलं, ‘उसने’. मी म्हटलं, अहो, तो परत नको म्हणतोय. तर त्याच शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

मी ते भावजींना, म्हणजे त्या मित्राला, कळवलं. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले, यांच्यासमोर तारीख घालून रक्कम लिहिली आणि ‘उसने’ म्हणून यांची सही घेतली. ‘सवडीने दे, मी मागणार नाही’ एवढंच बोलले. हे आता कामावर जातात आणि दर महिन्याला थोडे थोडे परत करतात. भावजी ते निमूट घेतात. त्यांनी घेतले नसते तर यांना फार लागलं असतं.

*

वहिनींचं वाचून डोळे भरून आले. माझ्याकडून थोडी कोरडी पण कामाची माहिती.

मित्राचा विमा होता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. पण काही तपासण्या आणि बाहेरून आणायची औषधं यांचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि मग दावा करायचा, असं होतं. दाव्याचे पैसे यायला वेळ लागतो आणि पुढची किमो त्यासाठी थांबत नाही. आजार नवा, नोकरी चालू, विमा चांगला, आणि तरी हातात पैसा नाही, अशी अवस्था. मी एक रक्कम त्याच्याकडे फिरती ठेवली. त्यातून खर्च करायचा, दावा मंजूर झाला की तेवढी परत भरून ठेवायची, पुन्हा वापरायची. त्याला मदत घेतल्यासारखं वाटलं नाही आणि मलाही फार ताण पडला नाही. विमा असलेल्या घरांत ही पद्धत जरूर करून बघा.

कागद सांभाळायचं कामही मी मागून घेतलं. औषध दुकानांची बिलं बरेचदा थर्मल कागदावर असतात, काही महिन्यांत शाई उडते आणि दाव्याच्या वेळी हातात कोरी चिठ्ठी उरते. बिल हातात आलं की तिथल्या तिथे फोटो, मूळ बिल पाकिटात, पाकिटावर तारीख आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. घरच्यांना त्या दिवसांत हे सुचत नाही आणि सुचावं अशी अपेक्षाही करू नये. एका कंपनीने एक दावा ‘मूळ बिल वाचता येत नाही’ म्हणून परत पाठवला होता. फोटोवरून दुकानदाराकडून शिक्का मारलेली दुसरी प्रत मिळवता आली.

*

मी किमोच्या डे-केअरमध्ये नर्स आहे. एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

किमो दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून वर गेला तर घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते. तडक हॉस्पिटल. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं, कारण संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. आणि मी किती तरी घरं बघितली आहेत जी रात्री थांबतात, कारण भरती म्हणजे अनामत रक्कम आणि तेवढे पैसे हाताशी नसतात. सकाळी येतात तेव्हा पेशंटचा रक्तदाब उतरलेला असतो.

म्हणून मदत करायची असेल तर थोडी रक्कम ‘तापाचे पैसे’ म्हणून वेगळी द्या आणि तसंच सांगून द्या: याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, रात्री दोन वाजता ताप आला तर विचार न करता निघायचं. एक थर्मामीटरही सोबत द्या.

दुसरं, एखादं महाग औषध लिहून दिलं की पैसे गोळा करायच्या आधी डॉक्टरांना विचारा की याचं जेनेरिक (तेच औषध दुसऱ्या कंपनीचं) किंवा बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच बनवलेलं दुसरं औषध) चालेल का. स्तनाच्या कॅन्सरमधल्या एका प्रकारात ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर द्यावं लागतं, त्याचे बायोसिमिलर आता मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. काही औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनाही असतात. त्यांचा अर्ज बरेचदा औषध विकत घ्यायच्या आधी करावा लागतो. मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतात, पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा. घरचे पेशंटपाशी अडकलेले असतात, सोशल वर्करच्या खोलीबाहेर रांगेत मित्राने उभं राहावं.

*

माझ्याकडे द्यायला पैसे नव्हते, शिकत होतो. दोस्ताच्या वडिलांना (मी त्यांना काका म्हणतो) प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, वारंवार लागायच्या. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत, दाते सतत तयार लागतात. मी वर्गातल्या मुलांची रक्तगटानुसार यादी केली, कोण कधी देऊ शकेल ते लिहून ठेवलं. हॉस्पिटलातून फोन आला की दोस्ताने फक्त मला कळवायचं. मशीनवर प्लेटलेट्स द्यायला दीड-दोन तास लागतात, म्हणून परीक्षेच्या काळात दाते मिळवताना ओढाताण व्हायची. काकूंना त्यासाठी एकदाही कुणाचे पाय धरावे लागले नाहीत.

*

गाडी आणि वेळ असेल तर तीही द्या. पेट स्कॅनसाठी (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते बघायची तपासणी) जे किरणोत्सारी औषध टोचतात त्यातल्या फ्लोरीनचं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असतं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मंच उरतं. पेशंट वेळेवर पोचला नाही तर तो डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. स्कॅनच्या सकाळी मैत्रिणीला मी घेऊन जायचे. उपाशीपोटी, घाबरलेल्या माणसाला गाडी शोधत उभं करू नये.

*

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर काही जणांना स्टोमा बॅग लागते, म्हणजे पोटावर केलेल्या छिद्रातून येणारी शौच गोळा करायची पिशवी. दर काही दिवसांनी बदलायची, कातडी सांभाळायची पेस्ट आणि पावडर वेगळी. याचा खर्च कुणी धरत नाही आणि या विषयावर कुणी बोलतही नाही. मी मित्राला मापाची विचारणा एकदाच केली. तेव्हापासून खोका थेट त्याच्या घरी जातो.

*

वर एका मित्राच्या मेसेजात ‘कशाला वापरले ते सांगायचं नाही’ असं आहे, म्हणजे हिशेब मागायचा नाही. एकट्याने दिले असतील तर पूर्ण सहमत. पण आम्ही ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी बऱ्याच अनोळखी लोकांकडूनही पैसे जमवले होते, तिथे हिशेब ठेवायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. फक्त तो घरच्यांनी ठेवू नये, जमवणाऱ्याने ठेवावा. शक्य तिथे आम्ही हॉस्पिटलात तिच्या नोंदणी क्रमांकावर थेट भरले आणि पावत्या जपल्या.

दोन गोष्टी पैसे मागायच्या आधीच ठरवल्या. पहिली तिच्या फोटोची. आवाहनात फोटो टाकला की पैसे जास्त येतात, असं एकाने सुचवलं होतं. आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, लग्नातला टाका, आत्ताचा नको. लग्नातला टाकला. तिच्या मुलांचं नाव, शाळा, काही येऊ दिलं नाही. ती मुलं उद्या मोठी होतील, त्यांच्या नावापुढे ते आवाहन कायमचं चिकटायला नको. दुसरी गोष्ट बोलायला कठीण होती. उपचार संपूनही पैसे उरले, किंवा ती राहिली नाही, तर उरलेले कुणाचे? आम्ही आवाहनातच लिहिलं की मुलांच्या शिक्षणासाठी ठेवू. ती गेली. त्यानंतर एका देणगीदाराने पैसे परत मागितले, तेव्हा त्या एका ओळीमुळे तिच्या नवऱ्याला कुणाशी बोलायची वेळ आली नाही.

*

हा अनुभव लिहावा की नाही, खूप विचार केला. माझ्या बालमित्राचा कॅन्सर पसरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक औषध देता येईल, पण त्याने फार फरक पडायची आशा नाही. तो थकला होता, त्याला घरी जायचं होतं. आणि आम्ही मित्रांनी जमवलेले पैसे समोर दिसत होते. ‘सगळ्यांनी एवढं केलंय, आता मी नाही कसं म्हणू?’ असं तो मला म्हणाला. आमच्या पैशांचं त्याला ओझं झालं होतं.

मी त्याला सांगितलं की हे पैसे औषधाचे नाहीत, तुझे आहेत. मग इतर मित्रांना एकेकाला फोन करून तेच सांगितलं. एक-दोघांना राग आला, ‘हार मानतोस’ म्हणाले. त्या पैशांतून घरी पलंग आणला, रात्रीची नर्स ठेवली, पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारे, डॉक्टर घरी येऊ लागले. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन सुरू झालं आणि कित्येक आठवड्यांनी तो सलग झोपला. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात घरादाराची काळजीही मिसळलेली असते, हे त्या सांगत असत. माझ्या मित्राला शेवटी दुखण्यापेक्षा बायकोच्या नावावरच्या कर्जाने जास्त पोखरलं होतं. त्या कर्जाचे हप्ते कोण भरणार हे आम्ही त्याच्यासमोर बसून ठरवलं. वहिनींची आमच्यासमोर पैशाबद्दल बोलायची तयारी नव्हती, म्हणून बोलणं माझ्या बायकोने केलं.

*

मी पेशंट. स्तनाचा कॅन्सर, उपचार संपले, तब्येत ठीक आहे. एक बाजू राहिली वाटते म्हणून लिहिते. शेवटच्या रेडिएशननंतर सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि मदतही थांबली, ते साहजिकच होतं. पण मला टॅमॉक्सिफेन, कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी, रोज घ्यायचीय, किमान पाच वर्षं. पहिल्या काही वर्षांत दर काही महिन्यांनी तपासणी असते. हात सुजतो, त्याची फिजिओथेरपी वेगळी. नोकरीत मी अजून अर्धा दिवसच टिकते. त्यामुळे तपासणीची तारीख जवळ आली की दोन भीती एकदम येतात, रिपोर्टची आणि बिलाची.

माझी एक मैत्रीण मला बरं झालेली समजून गेली नाही. तिने माझ्या तपासण्यांच्या तारखा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये घातल्यात. आदल्या आठवड्यात तिचा फोन येतो, ‘मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) माझ्याकडे, रक्ताच्या तपासण्या तुझ्याकडे’. अर्धे मी भरते, अर्धे ती. पुढच्या वर्षी पूर्ण वेळ कामाला लागले की तिचा वाटा बंद करायचा असं आमचं ठरलंय, आणि तोवर मला दर वेळी नव्याने काही सांगावं लागणार नाही.