मदत हवी आहे : चांगले उमेदवार मधेच गायब होतात, कंपनी उठून दिसायला काय करावं?

भरतीवाला
मंडळी लवकर सुचवा. कंपनी लहान आहे पण काम चांगलंय. पोस्ट टाकली की रेझ्युमेंचा ढीग येतो, त्यात कामाचे दोनचार, आणि तेही मधेच गायब, फोन उचलत नाहीत नाहीतर आमची ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त मिळवतात. मोठ्या कंपन्यांसमोर आपण कसं दिसायचं? एका एजन्सीने ब्रँडिंगचं कोटेशन दिलंय, साहेबांना या आठवड्यात उत्तर हवंय. "पगार वाढवा" सांगू नका, ते माझ्या हातात नाही.

जुनाखोड
कसली पोस्ट? फ्रेशर की अनुभवी? घरून काम की ऑफिस? आणि गायब नेमके कुठल्या राउंडनंतर होतात?

रंगारी
व्हिडिओ करा! टीम हसतखेळत काम करतेय असा, एका मिनिटाचा. आमच्याकडे खूप फरक पडला.

कडू_कारलं
केक कापतानाचा ना? उमेदवार तो बघतो आणि लगेच ग्लासडोअर साइटवर जाऊन सोडून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचतो. तिथे काय आहे ते आधी बघा.

निळी_शाई
मी सध्या नोकरी शोधतेय म्हणून सांगते, पोस्टमध्ये "पगार इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे" दिसलं की मी ती सोडून पुढची बघते. वाढवू नका, पण आकडा लिहा तरी. बफर कंपनीने २०१३ मध्ये सीईओसकट सगळ्यांचे पगार जाहीर केले, त्यानंतर अर्ज वाढले. युरोपियन युनियनने तर २०२३ मध्ये नियमच केलाय, इंटरव्ह्यूच्या आधी पगाराची रेंज सांगायची आणि जुना पगार विचारायचा नाही.

जुनाखोड
रेंज टाकली की दुसऱ्या दिवशी टीममधले जुने लोक केबिनबाहेर उभे, नव्याला एवढे मग मला का नाही. भोगलंय.

निळी_शाई
मग तो प्रश्न जाहिरातीचा नाही, जुन्यांच्या पगाराचा आहे. लपवून किती दिवस लपणार?

जुनाखोड
सांगणं सोपं असतं हो. टीम सांभाळून बघा एकदा.

शेवंती
लोगो निळा आहे का? निळ्याने विश्वास वाटतो म्हणतात.

भरतीवाला
लोगोचा काय संबंध! सॉफ्टवेअर टेस्टर हवेत, तीनेक वर्षं अनुभवाचे. जाहिरात अशी आहे: "डायनॅमिक टीम, वेगवान वातावरण, आकर्षक पगार, दबावाखाली काम करण्याची तयारी हवी, आमचं कुटुंब जॉइन करा." प्रोसेस नॉर्मलच आहे, फोन, घरी करायची असाइनमेंट, दोन टेक्निकल, मॅनेजर, मग एचआर आणि शेवटी साहेब. साहेब टूरवर असले की थोडं लांबतं. आता एक चांगली मुलगी एचआर राउंडपर्यंत आलीये, साहेब पुढच्या आठवड्यात परत येतायत.

कडू_कारलं
नॉर्मल?? सात पायऱ्या! गुगलने स्वतःचाच डेटा तपासला तर चार इंटरव्ह्यूनंतर निर्णयात फारसा फरक पडत नाही असं निघालं. तुम्ही गुगलच्या पुढे. असाइनमेंट किती वेळाची?

भरतीवाला
शनिवार-रविवारात होते आरामात.

कडू_कारलं
आणि पैसे?

भरतीवाला
असाइनमेंटचे कुठे पैसे देतात?

निळी_शाई
देतात काहीजण. नसतील द्यायचे तर दोन तासांत बसेल एवढीच द्या आणि नापास झाला तरी काय चुकलं ते दोन ओळीत कळवा, माझ्या ओळखीत कोणीच कळवत नाही, त्यामुळे जो कळवतो तो लक्षात राहतो. चार मित्रांना सांगतो माणूस.
आणि "दबावाखाली"च्या जागी खरं लिहा. रिलीज, म्हणजे नवीन व्हर्जन, महिन्यातून किती वेळा, रात्री फोन येतो का, टीममध्ये टेस्टर किती, पहिल्या तीन महिन्यांत काय काम. लहान कंपनीत टेस्टरचं डेव्हलपर ऐकतात का हे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा आधी कळायला हवं.

रंगारी
हेच सगळं व्हिडिओत सांगता येईल की.

मधलासुट्टी
माझा भाचा बीकॉम झालाय, टेस्टिंगचा कोर्स केलाय, रेझ्युमे कुठे पाठवू?

भरतीवाला
अनुभव लागेल हो. बाकी ठीक आहे, जाहिरात बदलून बघतो, रेंजचं साहेबांना विचारावं लागेल. राउंड कमी करायला मॅनेजर तयार होणार नाहीत. पण मग एजन्सीचं काय करू, हो म्हणू का?

जुनाखोड
एजन्सी राहू द्या. साहेब टूरवरून व्हिडिओ कॉलवर येऊ शकत नाहीत का? ती मुलगी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबेल असं कोणी सांगितलं तुम्हाला?