कादंबरीच्या जोडीला ललितेतर पुस्तक: वाचनकट्ट्याने असा नियम करावा का?

गोदातीर, नांदेड

आपल्याकडील बहुतेक वाचनालयांत वाचकांचे दोन तट पडलेले दिसतात. एक तट ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा नेतो, दुसरा चरित्रे, स्पर्धा परीक्षांचे संदर्भग्रंथ आणि यशस्वी होण्याची सूत्रे सांगणारी पुस्तके नेतो, आणि वर्षानुवर्षे सभासद राहूनही एका तटाचा माणूस दुसऱ्याच्या कपाटापुढे क्वचितच उभा राहतो. 'आवड आपली आपली' असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो, परंतु माझ्या मते ही आवड नसून सवय आहे आणि ती मोडण्याचा उपाय वाचनकट्ट्याच्या हाती आहे.

माझा प्रस्ताव असा की, महिन्याच्या बैठकीसाठी एकटे पुस्तक न निवडता जोडी निवडावी: एक कथासंग्रह किंवा कादंबरी, आणि त्याच जमिनीवर उभे असलेले एक ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी नसलेले, माहितीपर पुस्तक. उदाहरणार्थ, रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) घ्या. खेड्यातील एका शिंप्याच्या घराची परवड त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्या भागातील बोलीत सांगितलेली ती कादंबरी आहे. तिच्या सोबत त्रिं. ना. आत्रे यांचे 'गावगाडा' (1915) ठेवले, तर नेहमीचे गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे वळले की घरात काय होते हे एका पुस्तकातून कळेल आणि गावातील कारागिराचे पोट मुळात कोणत्या व्यवस्थेवर चालत असे हे दुसऱ्यातून. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत भाव न मिळालेले टोमॅटो बाप भर बाजारात पायाखाली तुडवतो. ती कथा वाचून गहिवरणारे पुष्कळ भेटतात. मात्र मालविक्रीच्या हिशेबाच्या पट्टीवर हमाली, तोलाई कशी कापली जाते आणि नाशवंत मालाचा भाव दुपारनंतर का कोसळतो, हे सांगणारे पुस्तक तेच वाचक मागत नाहीत.

आपल्या नांदेडमध्ये विचारवंत आणि समीक्षक नरहर कुरुंदकर यांनी मराठी कादंबरीवर लिहिले, मनुस्मृतीवर लिहिले, भरताच्या नाट्यशास्त्रावरही लिहिले. ज्या गावात असा वाचक होऊन गेला, तेथे ललित आणि ललितेतर यांच्यामध्ये भिंत असावी, हे मला खटकते. आपली मते जाणून घ्यायला आवडेल.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

आपला हेतू चांगला आहे, पण उपायाशी मी सहमत नाही. आपण दिलेल्या पहिल्या जोडीतच त्याचा दोष दिसतो. आत्रे यांनी पाहिलेले गाव मुंबई इलाख्यातील, इंग्रजी महसुली अंमलाखालचे होते. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे खालशाची (थेट सरकारी अंमलाखालची) गावे वेगळी, सर्फेखासची (निजामाच्या खासगी मालकीची) वेगळी, जहागिरीची आणखी वेगळी. शिवाय अलुत्या-बलुत्यांच्या, म्हणजे धान्याच्या मोबदल्यात गावाची कामे करणाऱ्या कारागीर-सेवकांच्या, याद्या मुलखागणिक बदलतात. आता 'गावगाडा' हाती घेतलेला वाचक बोराड्यांच्या गावाला आत्र्यांच्या गावाची मोजपट्टी लावणार आणि जुळले नाही की कादंबरीकाराला माहिती नव्हती असे म्हणून मोकळा होणार. अशा जोडीत दुसरे पुस्तक सोबतीला येत नाही, ते न्यायाधीश म्हणून येते.

त्याहून मोठी हरकत अशी की, यात शोध कोठे आहे? शेतकऱ्याच्या मुलाला शेतकऱ्याची कथा आणि तिच्या जोडीला शेतमालाच्या भावाचे पुस्तक द्यायचे, म्हणजे त्याला पुन्हा त्याच्याच बांधावर आणून सोडायचे. त्याने ताऱ्यांविषयी वाचावे, एखादी अनुवादित रशियन कादंबरी वाचावी, गाण्याविषयी वाचावे आणि या तिन्हींचा परस्परांशी काही संबंध नसला तरी बिघडत नाही. आपल्या आधीच्या पिढीतील काही मंडळी उस्मानिया विद्यापीठात (स्थापना 1918) पदार्थविज्ञान आणि कायदा उर्दूतून शिकली. त्याच उर्दूत त्यांनी गझल आणि अफसाने (कथा) वाचले आणि घरी येऊन ओवी म्हटली. त्यांना कोणी जोड्या लावून दिल्या नव्हत्या.

कुरुंदकरांचा दाखला तर आपल्याच विरुद्ध जातो. नाट्यशास्त्र आणि मनुस्मृती त्यांनी विषयाच्या नात्याने एकत्र आणले नाहीत. पुरावा तपासण्याची एकच कडक रीत ते दोन्हीकडे वापरत, आणि ती रीत एकेका ग्रंथाशी दीर्घकाळ बसल्याने येते. दर महिन्याला दोन पुस्तके उरकल्याने येत नाही.

अभ्यासिका, लातूर

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सकाळी अभ्यासिकेत शिरल्यावर रात्रीच बाहेर पडणाऱ्या आम्हा मुलींना कादंबरी ही चैन वाटते, हे स्पष्टपणे सांगते. हैदराबाद मुक्तिसंग्राम आम्ही वाचतो, 1972 चा दुष्काळ वाचतो, सिंचनाचे प्रश्न वाचतो. कादंबरीतून यापेक्षा वेगळे असे काय हाती लागते, जे मला उत्तरपत्रिकेत किंवा पुढे नोकरीत उपयोगी पडेल? चिडून विचारत नाही, खरोखरच विचारते आहे.

गोदातीर, नांदेड

ताई, तुमच्या प्रश्नाला मी कादंबरीचे गुणगान करून उत्तर देणार नाही, कारण तुमची अडचण कादंबरी न वाचण्याची नसून ललितेतरही पुरते न वाचण्याची आहे. मुक्तिसंग्राम तुम्ही टिपणांतून वाचता. त्यावर अनंत भालेराव यांनी लिहिलेला 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ त्या लढ्यात स्वतः उतरलेल्या आणि पुढे दैनिक 'मराठवाडा'चे संपादक झालेल्या माणसाचा आहे. म्हणजे तो इतिहास असला तरी सांगणाऱ्याची एक जागा आहे. सांगणारा कोठे उभा राहून बोलतो आहे, हे ओळखण्याचा सराव कथा-कादंबरीच्या वाचकाला आपोआप होतो, कारण तेथे निवेदक कोण हा पहिलाच प्रश्न असतो. उद्या तुम्ही तहसीलदार झालात आणि समोर दोन जबाब आले, तेव्हा हा सराव उपयोगी पडेल.

गुरुजी, इलाख्याचा आपला मुद्दा बिनतोड आहे, परंतु त्याने जोडी मोडत नाही. आपण जे आत्ता सांगितले ते कट्ट्यावर कोणीतरी सांगेल, म्हणूनच तर ही दोन पुस्तके शेजारी ठेवायची. 'पाचोळा' एकटी वाचली असती, तर सर्फेखास आणि जहागिरीचा विषय निघालाच नसता. स्वतःच्या बांधावर परत आणण्याविषयी म्हणाल, तर आपल्याकडील किती वाचकांना तो बांध पुस्तकातून एकदा तरी भेटला आहे? ताऱ्यांकडे जायला माझी हरकत नाही, फक्त पहिली उडी कोठून मारायची एवढाच आपल्यातील वाद आहे.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

विषय निघाला, कारण माझ्यासारखा एक म्हातारा येथे होता. दर कट्ट्यावर तो असेलच असे नाही. आणि निवेदक ओळखण्याचा सराव जबाब तपासायला उपयोगी पडतो असे सांगून आपणही शेवटी कादंबरीला परीक्षेच्या कामालाच जुंपलेत, याची नोंद घ्यावी.

ग्रंथपाल, जालना जिल्हा

दोघांचेही म्हणणे वाचले. आता आमच्या 'क' वर्ग (शासकीय श्रेणीत लहान) वाचनालयात या जोडीचे काय होईल ते सांगतो. कथा-कादंबऱ्या आम्ही लेखकाच्या नावाने लावतो आणि बाकीची पुस्तके विषयाला क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीने: शेती 630 मध्ये, भारताचा इतिहास 954 मध्ये. म्हणजे 'लाल चिखल' ज्या संग्रहात आहे तो समोरच्या दालनात आणि शेतीमालाच्या बाजाराचे पुस्तक आतल्या खोलीत खिडकीजवळ. जोडी लावायची तर दाखल क्रमांक न बदलता पुस्तके महिनाभर तिसऱ्याच जागी ठेवावी लागतात, आणि मग कोणी मागायला आले की शोधाशोध होते. प्रत एकेकच असते. अनुदानाचा हप्ता वर्ष सरता सरता हाती येतो, खरेदी घाईने वितरकाच्या यादीवरून होते आणि त्या यादीत कोणते ललितेतर येईल यावर आमचा फारसा ताबा नसतो. तेव्हा 'नियम करावा' हे शब्द जरा जपून वापरावेत.

मात्र एक निरीक्षण सांगावेसे वाटते. देवघेवीच्या टेबलाशेजारी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो आणि आमचे निम्मे वाचक कपाटांकडे न जाता तोच ढीग उपसतात. तेथे स्वयंपाकाच्या पुस्तकावर चरित्र आणि चरित्रावर भयकथा पडलेली असते. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी त्या ढिगातून विहीर-पुनर्भरणावरील (छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडण्यावरील) पुस्तिका नेली आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मांडून ती परत केली. नियमाने ते पुस्तक त्यांना दिले असते, तर त्यांनी नेले नसते असे मला वाटते.

गोदातीर, नांदेड

ढिगाची कल्पना मनाला भावते, पण तिची मर्यादा उघड आहे. ढिगात तीच पुस्तके येतात जी कोणीतरी आधी नेली होती. ज्या पुस्तकाला एकदाही हात लागला नाही ते त्या टेबलापर्यंत पोहोचणार कसे? गाजलेलीच पुस्तके पुन्हा गाजतील आणि आतल्या खोलीतील 954 तसेच धूळ खात राहील.

ग्रंथपाल, जालना जिल्हा

ते खरे आहे. दर सोमवारी मी तारीखपट्टी कोरी असलेली, म्हणजे कोणीच न नेलेली, पाच-सहा पुस्तके, कथा असो की शेती, त्या ढिगात मधेमधे सरकवून पाहतो. गुरुजींनी तारे आणि संगीत यांवरील आणि आपण बाजारभावांवरील पुस्तकांची नावे कळवावीत. आमच्याकडे असतील तर तीही त्यात ठेवतो. जोडी आहे असे मात्र कोणाला सांगणार नाही.