'जोई' पडली, पण जोईमुळे नाही

टेकडीवाली: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की दुय्यम पात्राला नायक केलं की मालिका पडणारच, आणि 'फ्रेंड्स' या अमेरिकी विनोदी मालिकेतल्या जोईला नायक करून काढलेली 'जोई' हा त्याचा पुरावा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. अहो, 'चिअर्स' या विनोदी मालिकेतला फ्रेझर दुय्यमच होता ना? १९९३ मध्ये त्याला बॉस्टनहून सिअ‍ॅटलला नेलं आणि त्याची मालिका मूळ मालिकेइतकीच, ११ सीझन चालली. कारण तिथे त्याला भांडायला माणसं दिली. निवृत्त पोलीस वडील, त्याच्या उंची दिवाणखान्यात आपली जुनाट आरामखुर्ची आणून ठेवणारे. आणि त्याच्याहूनही नाजूक प्रकृतीचा भाऊ नाइल्स. जोईला लॉस एंजेलिसला काय मिळालं? बहीण, हुशार भाचा, शेजारीण. सगळी त्याला सांभाळून घेणारी. जोईचं वाक्य अर्धंच असायचं, उरलेलं 'फ्रेंड्स'मधल्या त्याच्या मित्राच्या, चॅण्डलरच्या, चेहऱ्यावर उमटायचं. तो चेहराच काढून घेतला.

पेठेतला जुना: कालचं मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. फ्रेझर अपवाद आहे. 'मॅश' या गाजलेल्या मालिकेतली दुय्यम पात्रं घेऊन काढलेली 'आफ्टरमॅश' दोन सीझनमध्ये गुंडाळली, ती विसरलात? 'जोई'चीही दोनच झाली. २००६ च्या मार्चमध्ये तिला 'अमेरिकन आयडल' या गाण्याच्या स्पर्धेच्या कार्यक्रमासमोर, त्याच वेळेला, उभं केलं आणि मग काढूनच टाकलं. ४६ पैकी शेवटचे ८ भाग अमेरिकेत दाखवलेच नाहीत. इतकी नकोशी झाली होती.

कर्वेनगर: मला या सगळ्याच मालिकांतला तो भाडोत्री हशा सहन होत नाही. कुठे हसायचं हे मला का सांगता? बाबा शेजारच्या खोलीत आजारी असायचे आणि भाऊ हे लावून बसायचा. तो हशा ऐकला की आजही डोकं उठतं.

विंगेतून: भाडोत्री कसा? 'फ्रेंड्स' स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. हशा आला नाही की लेखक तिथल्या तिथे वाक्य बदलायचे. जिवंत प्रेक्षक म्हणजे काय ते माहीत नसेल तर बोलू नका.

कर्वेनगर: मी बालगंधर्वला तीस वर्षं नाटकं बघतेय, मला शिकवू नका! आधी हसवून घ्यायचं, मग त्यावर कात्री चालवायची. याला जिवंत म्हणता?

विंगेतून: आवाज चढला, माफ करा. बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण एक सांगतो. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, प्राथमिक फेरीत माझ्या एका साध्या वाक्यावर भरत नाट्य मंदिर दणाणलं होतं. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी जोडीदाराला ताप भरला, बदली मुलगा उभा केला. मी तेच वाक्य, अगदी तसंच म्हटलं. सभागृह गप्प. आधीचा पोरगा माझ्याकडे बघत दोन क्षण थांबायचा. हा लगेच पुढचं वाक्य म्हणून मोकळा झाला. तो हशा माझा नव्हताच, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं झाली, अजून लागतं.

कर्वेनगर: हे मात्र खरं आहे. थांबता येणारे नट आता नाटकातही कमीच दिसतात. स्टुडिओतला हशा तरीही मला नकोच.

टेकडीवाली: विंगेतून, मी सकाळपासून हेच सांगतेय!

पेठेतला जुना: त्यांचं पटलं, तुमचं नाही. भाचा होता की समोर. मामापेक्षा हुशार, घाबरट, चांगली जोडी जमली असती. त्याला थांबू दिलं नाही हा लिहिणाऱ्यांचा दोष. 'माणसं दिली नाहीत' असं म्हणू नका.

टेकडीवाली: बरं, माणसं दिली. मग दुय्यम पात्राला नायक केल्यामुळे पडली हे तुमचं म्हणणं मागे घ्या.

पेठेतला जुना: अर्धं घेतो. 'आफ्टरमॅश'चं उत्तर अजून आलेलं नाही.