परत बडोद्याला आलात आणि मनात दोघं होते: तुमचे अनुभव लिहा

सिनेमात हे फार सोपं असतं. नायिका घरी परतते, जुना मित्र भेटतो, शहरातला मागोमाग येतो आणि अडीच तासांत निकाल लागतो. मला असे सिनेमे मनापासून आवडतात. पण खऱ्या आयुष्यात निकाल कशावरून लागतो, हे कुणी सांगत नाही. बडोद्यात वाढून मुंबई-पुण्याला किंवा परदेशी गेलेले आणि परत आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा. कुणाला निवडलं एवढंच नको, कशावरून ठरलं तेही सांगा. नावं टाळा. सुरुवात मीच करते.

मी पुण्यात नोकरीला होते आणि तिथे एकजण आवडायला लागला होता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून रजा काढून दांडिया बाजारातल्या घरी आले. शेजारचा मुलगा रोज बाबांना धरून चालवायचा. कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत आम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसलोय, इतकी जुनी ओळख. दोन्ही घरांनी मनातल्या मनात पत्रिका जुळवून टाकल्या होत्या.

त्यात उत्तरायणाला पुण्याचा आला. इथे अगाशीवर कोण कुणाची फिरकी धरतं, याकडे सगळ्या पोळीचं, म्हणजे गल्लीचं, लक्ष असतं. ढील द्यायची तेव्हा फिरकी हातात मोकळी फिरू द्यायची, खेचताना दोरा भराभर गुंडाळून घ्यायचा, आणि हे न सांगता कळावं लागतं. शेजारच्याला कळायचं. पुणेकराने ऐन पेचात फिरकी आवळून धरली. मांजा चिकटपट्टीच्या वरून माझ्या बोटात रुतला, पतंग गेला, समोरच्या अगाशीवर ‘काप्यो छे’चा गजर झाला आणि पिपाण्या वाजल्या. सगळ्यांना वाटलं, निकाल लागला. आईने शेजारच्या काकूंकडे तिळगुळासोबत उंधियूचं भलंमोठं पातेलं पाठवलं.

अंधार पडल्यावर पुणेकर दिव्याखाली बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, “तुला इथे परत यायचंय, की यावं लागतंय?” हे मला कुणीच विचारलं नव्हतं. शेजारच्याने तर आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, “तू आता इथेच राहणार, तू पहिल्यापासून घरकोंबडी.” तो मला ओळखत होता, पण आठवीतल्या मला. मी पुणेकराशी लग्न केलं. राहतो मात्र बडोद्यातच, कारण त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर ‘यायचंय’ असं निघालं.

कारेलीबागेतून

ताई, माझं नेमकं उलट झालं. मी टोरोंटोहून परत आलो तेव्हा शाळेपासूनची मैत्रीण इथे एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकवत होती. तिकडच्या ऑफिसातली दुसरी मैत्रीण मूळची नडियादची, तीही सुट्टीवर आली होती. दोघींना मी काहीच स्पष्ट बोललो नव्हतो. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं आणि आईने दोघींना एकाच दिवशी बोलावलं. तिच्या लेखी दोघीही मुलाच्या मैत्रिणी.

मी पन्ह्याचा ट्रे घेऊन बाहेर आलो तर दोघी झोपाळ्यावर शेजारीशेजारी बसलेल्या. ट्रेमधले पेले किणकिणत होते. नडियादच्या मुलीची कुणी आयुष्यात पहिल्यांदाच ओटी भरली होती, तिला भिजवलेल्या हरभऱ्यांचं काय करायचं ते कळेना. दुसरीने ते तिच्या ओढणीत गाठ मारून बांधून दिले. मग दोघी बराच वेळ झोका घेत बोलत राहिल्या. मी आत आंब्याच्या डाळीची भांडी विसळत होतो, विसळलेलीच पुन्हा विसळत होतो.

जाताना नडियादची मला फाटकाशी म्हणाली, “तू तिचा पेला अर्धाच भरलास, कारण तिला गोड चालत नाही. मलाही चालत नाही. इतकी वर्षं सोबत जेवतो आपण, तुला माहीत नाही.” मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. तिला माझ्यामुळे त्रास झाला आणि ते मी हलकं करून सांगणार नाही. लग्न शाळेतल्या मैत्रिणीशी झालं. आठवीतली ओळखही मोठी होत जाते, ताई, दोघांनी होऊ दिली तर.

मांजलपूर

मी घरचा निवडला. सुखी आहे. दुसऱ्याची आठवण येते, नवऱ्याला ते ठाऊक आहे. एवढंच.

राजमहाल रोडवरून, आजी सांगतेय आणि नात टाइप करतेय

आमच्या वेळी फाइन आर्ट्समध्ये शिकणाऱ्या मुली घरच्यांना काळजीच्या वाटायच्या. फॅकल्टी 1950 सालची, म्हणजे माझ्याहून थोडीच मोठी. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सर फॅकल्टीच्या मेळ्यासाठी लाकूड, चामडं, मणी घेऊन खेळणी करायचे, ती बघायला आम्ही वर्ग सोडून जायचो. माझ्याबरोबरचा एक शिल्पकार मला दिल्लीला चल म्हणत होता. तेवढ्यात दादरचं एक बँकेतलं स्थळ आलं. मी तेव्हा मुंबईला मावशीकडे होते, पण हट्टाने बडोद्याला परतले. म्हटलं, बघायचं तर इथे येऊन बघा.

पोह्यांची बशी देताना माझ्या नखांत हिरवा रंग होता. आई डोळ्यांनी दटावत होती. त्यांनी विचारलं, “हा कुठला हिरवा?” मी म्हटलं, “व्हिरिडियन, आणि मला छापखान्याजवळ राहायचंय, फॅकल्टीतल्या.” त्यांनी बडोद्याला बदली मागून घेतली. बढती लांबली, कुरकुर केली नाही. शिल्पकारावर माझं प्रेम नव्हतं असं नाही, होतंच. पण त्याच्या दिल्लीत माझ्या टेबलाची जागा कुठे, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तो स्वतःच्या स्टुडिओबद्दल बोलला. लग्नात त्याने भाजलेल्या मातीचा बैल दिला. यांनीच तो दिवाणखान्यात मांडला, आणि दर दिवाळीला स्वतः पुसायचे.

सध्या बडोद्यात

माझं अजून ठरलेलं नाही, तरी लिहितो. बंगळूरला एकजण आहे. नवरात्रासाठी घरी आलो आणि गरब्याच्या गोलात कॉलेजातली मैत्रीण भेटली. मध्ये गाणारे, भोवती हजारोंचा गोल, तीन टाळ्यांचा ठेका, आणि ती रोज बरोबर माझ्या शेजारच्या रांगेत. काय करू?

राजमहाल रोडची आजी

बाळा, बंगळूरच्या मुलीला हे सांगितलंस का? आधी तिला सांग. ती गप्प बसली तर तूही गप्प बस, पण फोन ठेवू नकोस. आणि इथलीला दिवसाउजेडी भेट, साध्या कपड्यांत, सूरसागर तलावाच्या पाळीवर. गरब्यात सगळेच सुंदर दिसतात रे. तुला कुठे राहून काय करायचंय ते दोघींना एकाच शब्दांत सांग, वेगवेगळं नको.

सध्या बडोद्यात

आजी, आज गरब्याला निघायच्या आधी बंगळूरला फोन करतो.