आजोळचा लामणदिवा: वाटणीत किंमत किती धरायची?

माडाखाली:
वेंगुर्ल्याच्या आजोळघरातल्या सामानाची तिघांत वाटणी चालली आहे. पितळी लामणदिवा आहे, साखळीसकट साधारण तीन फूट, वजन 2 किलो 340 ग्रॅम. साखळीत मोर, खाली पाच नाकांचं तबक. तबकाच्या काठावर टिपक्यांनी कोरलेलं नाव आणि ‘शके 1814’. भांडीवाला मोडीचा भाव सांगतो, नेटवर तसाच दिसणारा चाळीस हजारांना आहे. धरायचं काय? दाखवण्याआधी आमसुलाने घासून घेऊ का?

ओतारी_आळी:
घासू अजिबात नका. आमसूल, चिंच, पावडर, काहीही नको. आंबट जरा जास्त वेळ राहिलं की पितळेच्या वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग पडतात. शिवाय जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या काळपट थराचेच. लखलखीत केलात तर तुमचा दिवा आणि गेल्या वर्षीचा दिवा सारखाच दिसणार. धूळ मऊ ब्रशने काढा, बास.

मोडीचा भाव म्हणजे तळाची रेघ, त्याखाली जायचं नाही. चाळीस हजार ही मागणी आहे, विक्री नव्हे. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या दिव्यांचे आकडे पाहा, तेही मोर-साखळी-तबक पूर्ण असलेल्यांचे.

मग दिवा उजेडात आडवा ठेवून बघा. मोराच्या पाठीवरून, पोटाखालून बारीक उभी शिवण गेली असेल तर तो दोन भागांच्या साच्यातला. मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी ओतलेल्या मोराला अशी शिवण नसते, पिसांच्या रेघाही थोड्या वेड्यावाकड्या असतात. जुन्यावरून साचा घेऊन केलेली नक्कल ओळखता येते: पितळ थंड होताना दीडेक टक्का आकसतं, त्यामुळे नक्कल किंचित लहान आणि चोच-डोळे बुजलेले. साखळीच्या कड्या एकमेकींना टेकतात तिथे आतून झिजलेल्या हव्यात. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती कानशीची. टांगायचा आकडा, साखळी, मोर, तबक सुटे होत असतील तरच वेगवेगळे तोला, जोर लावू नका. डाख देऊन (कथलाने) जोडलेला सांधा राखाडी दिसतो, त्याने किंमत उतरते.

शके_सन:
शकात 78 मिळवा, 1 जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंतची तिथी असेल तर 79. म्हणजे 1892-93. पण ते साल कोरण्याचं. दिवा त्याआधीचा असू शकतो, किंवा नव्या तबकावर जुनं साल घातलेलं असू शकतं. भिंगाखाली टिपक्यांच्या तळाशी तेलाचं किटण बसलेलं दिसलं तर अक्षरं जुनी. तळ चकचकीत असेल तर शंका घ्या. अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. लिपी मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, गावाचं नाव निघालं तर भाव बदलतो.

माडाखाली:
शिवण नाही, टिपक्यांत किटण आहे. पण खालच्या सात कड्या जास्त पिवळ्या आणि गुळगुळीत आहेत. तबकाच्या मागे फिकट हिरवी भुकटी आहे, पुसली तरी पुन्हा येते.

ओतारी_आळी:
कड्या मागाहून घातलेल्या. काढू नका, नोंदीत ‘सात कड्या बदललेल्या’ असं लिहा. लपवलंत तर खरेदीदार बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाही. भुकटीचं काम मात्र तातडीचं. घट्ट हिरवा थर चालतो, पण भुकटी होऊन परत येणारा म्हणजे खाऱ्या हवेतलं क्षार धातूत शिरलंय, दमट हवेत ते खात जातं. पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, बाकी भांड्यांपासून वेगळा ठेवा. इलाज संग्रहालयात काम केलेल्या धातुसंवर्धकाकडूनच करून घ्या.

कायद्याचं_बोला:
शंभर वर्षं भरली आहेत, म्हणजे 1972 चा पुरावस्तू कायदा लागू. तिघांपैकी कुणी परदेशात असेल तर त्याच्याकडे दिवा पाठवता येणार नाही, मग त्याचा वाटा पैशांतच द्या. विकायचा तर परवानाधारक व्यापाऱ्याकडेच जा. हॉलमार्क केंद्रातल्या यंत्रावर तांबं-जस्ताचं प्रमाण न ओरखडता कळतं, पण त्यावरून वय कळत नाही. मूल्यांकन दोन वेगळ्या जाणकारांकडून लेखी घ्या. त्यांतला एक तरी असा हवा, ज्याला दिवा स्वतः विकत घ्यायचा नाही.